मनातल्या मनात

पायाचा अंगठा धरून कुणीतरी हलवत होतं. मी डोळे उघडले तर वर पंखा आणि पायाशी नर्सबाई. हॉल रिकामा झाला होता. सगळ्यांच्या चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या होत्या, शिंपीणबाई दारात चपला घालत होत्या आणि मी एकटाच मधोमध प्रेतासारखा पडलो होतो. आसनाचं नावच शवासन आहे, तेव्हा तशी माझी चूक नव्हती.

नर्सबाई काहीतरी म्हणाल्या. मी कानाकडे बोट दाखवलं. ऐकायचं मशीन शर्टाच्या खिशात होतं. ते घालून आडवं झालं की चटईला घासून शिट्टी मारतं आणि इतके लोक शांत पडलेले असताना शिट्टी मारणारा म्हातारा बरा दिसत नाही. मी मशीन कानात बसवलं.

"म्हटलं, उठा," त्या ओरडल्या. "घरी जायचंय, की इथेच बिऱ्हाड करताय?"

"संपलं?"

"केव्हाच. बाई म्हणाल्या, उजव्या कुशीवर वळा, सगळा वर्ग वळला. तुम्ही घोरत होतात."

"मी घोरत नाही."

"भाऊजी, तुमच्या घोरण्याबद्दल आम्ही इतकी वर्षं ऐकतोय. आज प्रत्यक्ष भेट झाली, एवढंच."

शिंपीणबाई दारातून हसल्या. मीही हसलो. बायको गेल्यापासून माझी थट्टा करायला घरात कोणी उरलं नव्हतं. थट्टा इथे होते आहे हे मला बरं वाटलं.

हा हॉल वाचनालयाच्या वर आहे. जुनी लाकडी जमीन, रस्त्याच्या बाजूला उंच खिडक्या. बायको इथे रोज सकाळी यायची. तिची जागा शेवटच्या खिडकीखाली. ती गेली तेव्हा चटई दाराच्या मागे उभी होती आणि पुढे बरेच दिवस तशीच राहिली. मग एकदा मुलगी आली आणि तिने ती माझ्या काखेत दिली.

"बाबा, तुम्ही जा तिथे," ती म्हणाली. "दिवसभर घरात बसून त्या कपाटाकडे बघत असता."

"कपाट मी बनवलंय. बघायला काय झालं?"

"ते हलत नाही. माणसं हलतात. माणसांकडे बघा."

मुलीचा आवाज आईसारखा आहे. हे बोलणं शेजारच्या घरात आणि त्याच्याही पलीकडे गेलं असणार. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी मला विचारलं, जाणार का योगाला? मग न जाऊन करतो काय.

आमच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. माझं आयुष्य पत्रा ठोकण्यात गेलं. लोखंडी कपाटं, पेट्या, पाण्याच्या टाक्या. पत्र्याच्या शेडमध्ये बसून पत्रा ठोकायचा म्हणजे ढोलात बसून ढोल वाजवण्यासारखं. कान लवकर गेले. पुढे पुढे पत्रा सरळ झाला की नाही हे मी तळहात ठेवूनच बघायचो. हाताला कळायचं ते कानाला कळायचं नाही. माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं आणि माझ्याशी सगळ्यात जास्त बोलायची ती बायको. लग्न झालं तेव्हा तिचा आवाज कसा होता ते आता आठवत नाही. नंतरचा आठवतो. आमच्या घरात कुजबूज हा प्रकारच नव्हता. भांडण, लाडीगोडी, भाजी काय आणायची, सगळं एकाच पट्टीत. आज जेवायला काय आहे हे माझ्या आधी शेजाऱ्यांना कळायचं.

मुलीला बाळ झालं तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो. बायकोने बाळाला घेतलं आणि त्याच्याशी बोलली. बाळ दचकलं, रडायला लागलं. मुलीच्या सासूबाई हसून म्हणाल्या, "दचकतंय हो तुमच्या आवाजाने." बाई चांगल्या आहेत, मनात काही ठेवून बोलल्या नव्हत्या. त्यांनी बाळ घेतलं, ते गप्प झालं. बायको मग सबंध वेळ खुर्चीत बसून लांबूनच बघत राहिली. परतताना बसमध्ये तिने मला विचारलं, "मी ओरडते का हो?"

"छे," मी म्हणालो. "मला तर नीट ऐकू येतं."

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. तिने ओरडून विचारलेलं त्यालाही ऐकू गेलं होतं.

तर, हॉल. नर्सबाईंनी अंगठा हलवून उठवल्यावर मी एक युक्ती काढली. बाई म्हणजे आमची शिकवणारी, वयाने माझ्या मुलीएवढी, पण सगळेच तिला बाई म्हणतात. ती सांगते, शवासनात तळवे वर. मी डावा वर ठेवायचो आणि उजवा पालथा, जमिनीला टेकवून. लोक वळले, उठले की लाकडाला हादरा बसतो, तो हाताला कळतो. पुन्हा एकटा पडून राहायला नको. बाई येऊन माझा हात उलटा करायची. ती गेली की मी परत पालथा करायचो.

"काका, हात सोडून द्या," ती एकदा म्हणाली. "काही धरून ठेवायचं नाहीये."

"धरलेला नाही. ठेवलाय."

ती हसली. पोरगी शहाणी आहे, वाद घालत नाही.

शवासनात पडल्यावर बाई सगळ्यांना संकल्प करायला लावते. मला हे पुष्कळ दिवस माहीतच नव्हतं, कारण तेव्हा मशीन खिशात. शिंपीणबाईंच्या बोलण्यात एकदा आलं, म्हणून वर्ग सुटल्यावर मी बाईला विचारलं. नर्सबाई आणि शिंपीणबाई चटया उचलत होत्या.

"संकल्प म्हणजे एक छोटं वाक्य, काका," बाई म्हणाली. "स्वतःबद्दल. मला हे मिळू दे, ते मिळू दे, असं नाही. मी असा आहे, असं. आत्ताच आहे असं म्हणायचं."

"नसलो तरी?"

"नसलात तरी."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"बी पेरून कोणी रोज उकरून बघत नाही ना? म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मनातल्या मनात, तीनदा. रोज तेच वाक्य. आणि कुणाला सांगायचं नाही."

"मला शांत झोप लागते, हे चालेल?"

"त्याला संकल्प कशाला?" नर्सबाई मागून म्हणाल्या. "ते तर इथे रोज सिद्ध होतंय."

सगळे हसले. मीही हसत होतो आणि हसता हसता बोलून गेलो, "हिचा काय होता कोण जाणे."

हसणं थांबलं. शिंपीणबाईंनी नर्सबाईंकडे पाहिलं आणि ओठ आत घेतले. नर्सबाई खिडकी बंद करायला वळल्या, खिडकी बंदच होती. बहिऱ्या माणसाला चेहरे वाचायची सवय असते. मला कळलं की या दोघींना माहीत आहे. बाईकडे पाहिलं. तिलाही माहीत होतं.

मी नर्सबाईंना जिन्यात गाठलं.

"तुम्हाला माहितेय," मी म्हणालो.

"काय?"

"मी बहिरा आहे, आंधळा नाही."

"भाऊजी, नियम आहे. दुसऱ्याचा संकल्प सांगायचा नसतो."

"तिने तुम्हाला सांगितला का?"

"नाही."

"मग?"

त्या खाली उतरल्या. वाचनालयाच्या पायऱ्यांवर ऊन आलं होतं. तिथे त्या बसल्या, गुडघे चोळत. मी समोरच्या टपरीवरून दोन कप चहा आणला आणि शेजारी बसलो. आयुष्य दवाखान्यात काढलेली बाई, तिला घाई करून चालत नाही. मी चहा अर्धा संपवला आणि मग मनात होतं ते सांगितलं. हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी ती काहीतरी बोलली," मी म्हणालो. "आवाज गेला होता तिचा. इतकी वर्षं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं आणि तेव्हा मी इतका जवळ, कानात मशीन, तरी नाही ऐकू आलं. माझा हात तिच्या गळ्याशी होता. बोलली एवढं हाताला कळलं. काय बोलली ते नाही कळलं. मी वाकून विचारलं, परत सांग. तिने डोळे मिटले."

नर्सबाई कपात बघत होत्या.

"वाटलं, रोज सकाळी जे म्हणायची तेच म्हणाली असेल," मी म्हणालो. "म्हणून विचारतोय. उगाच चौकशी म्हणून नाही."

"काय म्हणाली असेल सांगू?" त्या म्हणाल्या. "पाणी. मी त्या खाटांशेजारी जन्म काढला. शेवटी काहीतरी मोठं बोलतात असं लोकांना वाटतं. कोणी बोलत नाही. पाणी मागतात, नाहीतर उशी सारखी कर म्हणतात."

"पाणी पाजलं होतं मी. चमच्याने. ओठ कोरडे दिसले म्हणून."

"कधी?"

"लगेच. त्यानंतरच."

"मग झालं तर. तिने मागितलं, तुम्ही दिलंत. ऐकू आलं नाही असं काय म्हणता?"

चहाचा शेवटचा घोट थंड झाला होता, तो मी पिऊन टाकला. रस्त्यावरून एक बाई सायकल हातात धरून चालत गेली, मागच्या चाकात हवा नव्हती. ती वळेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो.

"नियम मोडतेय मी," नर्सबाई म्हणाल्या. "तिनेच मोडला होता, तेव्हा चालेल. ती मनात म्हणायची नाही. म्हणजे तिला वाटायचं मनात म्हणतेय. ओठांतल्या ओठांत. पण तुमच्या घरचे ओठांतले ओठ म्हणजे..."

"ऐकू यायचं?"

"सगळ्यांना. खाली पेपर वाचणाऱ्यांनासुद्धा जात असेल. बाई म्हणायच्या, आता आपला संकल्प करा. हॉल एकदम चिडीचूप. आणि खिडकीखालून आवाज. मी हळू बोलते. मी हळू बोलते. मी हळू बोलते."

त्यांनी ते तिच्याच आवाजात म्हटलं. चहावाल्याने मान वर करून पाहिलं.

"पहिल्या दिवशी शिंपीणबाईंनी तोंडात टॉवेल कोंबला," नर्सबाई म्हणाल्या. "माझं पोट दुखलं, शवासनात हसू दाबणं सोपं नाही. मग सवय झाली. मग असं झालं की ते ऐकल्याशिवाय आम्हाला आमचा सुचेना. ती एखाद दिवशी आली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं."

"तिला कुणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? म्हणजे ऐकलं असं कबूल करायचं. ते बसत नाही नियमात."

मला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. नर्सबाईही हसायला लागल्या. कप खाली ठेवून, पदराने डोळे पुसत. वाचनालयातून बाहेर येणारा एक गृहस्थ आम्हाला वळसा घालून गेला.

हसताना मला एक आठवलं. बाळाला बघून आलो त्यानंतरची गोष्ट. सकाळी ती वर्गावरून यायची, मी स्वयंपाकघरात बसलेला असायचो. ती काहीतरी म्हणायची. मी म्हणायचो, अं? ती परत म्हणायची. मी म्हणायचो, काय? मग ती "चहा ठेवू का!" असं म्हणायची की शेजारचा कुत्रा भुंकायचा. रोज. मला वाटायचं, हिचं सकाळी लक्ष नसतं. ती बिचारी हळू बोलून बघत होती. तिचा संकल्प रोज हॉलपासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत टिकायचा.

"शेवटी जमलं म्हणायचं तिला," मी म्हणालो. "इतकं हळू, की हातालाच कळलं."

नर्सबाईंनी माझा कप आपल्या कपात घातला आणि दोन्ही नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी मी शवासनात पडलो, मशीन खिशात ठेवलं, उजवा हात पालथा केला. बाईचा हात खांद्याला लागला. आता संकल्प, अशी तिची माझ्यापुरती खूण ठरली होती. मी रात्री काही ठरवून आलो नव्हतो. नर्सबाईंचं पायऱ्यांवरचं वाक्य डोक्यात होतं, त्यातूनच आलं. मला ऐकू येतं. खोटं आहे, पण बाई म्हणाली होती, चालतं. मी मनातल्या मनात तीनदा म्हटलं आणि सोडून दिलं.

नवल असं की फरक पडला. पाच-सहा दिवसांतच. नर्सबाई आधी हॉलच्या दुसऱ्या टोकावरून हाका मारायच्या, मला नुसता गोंगाट कळायचा. आता त्या जवळ येऊन समोर उभ्या राहायच्या, साध्या आवाजात बोलायच्या आणि मला समजायचं. शिंपीणबाई माझ्याशी बोलताना हातवारे करायच्या, जसा काही मी परदेशातून आलोय. त्यांनी ते सोडलं. बाई एकेक आसन माझ्याकडे तोंड करून सांगायला लागली. एकदा जिना उतरताना नर्सबाई माझ्या चांगल्या कानाशी येऊन म्हणाल्या, "चहा?" इतकं हळू, की शेजारच्याला कळलं नसतं. मला कळलं.

मी मुलीला फोनवर सांगितलं, "ही योगाची गोष्ट खरी आहे. माझे कान सुधारतायत."

"मशीनची बॅटरी बदललीत का?"

"नाही. संकल्प केलाय."

"कसला?"

"सांगायचा नसतो."

तिचा विश्वास बसला नाही. बसू नये, तिला मी तसंच वाढवलं आहे. सुट्टीत ती आली तेव्हा म्हणाली, चला, मी पण येते, बघू तरी. तिने माझ्या शेजारी चटई टाकली. मी आईच्या जागेवर पडलो होतो हे तिने पाहिलं. चटई थोडी माझ्याकडे सरकवली, एवढंच.

शवासन झालं, जमिनीला हादरा आला, मी कुशीवर वळून उठून बसलो. मुलगी आधीच बसली होती. तिचे डोळे ओले होते आणि तोंड हसत होतं. तिने मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून नर्सबाईंनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मुलीने तोंड मिटलं. शिंपीणबाई घाईघाईने चटई गुंडाळायला लागल्या. बाई कोऱ्या भिंतीकडे बघून काही वाचल्यासारखं करत होती.

मी मशीन कानात घातलं. ते घालेपर्यंत मला सगळं कळलं होतं. एवढे दिवस मी मनातल्या मनात म्हणत होतो ते आमच्या घरचं मनातल्या मनात होतं.

घरी जाताना मुलगी माझ्या बरोबरीने चालत होती. कोपऱ्यावर ती थांबली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "बाबा, किल्ली तुमच्याकडे आहे ना?" हळू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. आधी तिला वाटलं मला ऐकू आलं नाही.

"आहे," मी म्हणालो आणि खिशातून काढून दाखवली.

मुलगी परत गेल्यावर मी बराच विचार केला. आता काय करायचं? ओठ घट्ट मिटून म्हणायचं? वाक्य बदलायचं? की बाईला सांगायचं, माझ्याने होत नाही? मग बायकोचं मनात आलं. तिचे कान चांगले होते. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसेल? हॉल चिडीचूप, शेजारी टॉवेलातलं हसू, आणि तिला पत्ताच नाही? मला तसं वाटत नाही. तिला माहीत असावं. तरी ती रोज म्हणत राहिली. विचारायला आता ती नाही, आणि विचारलं असतं तर तिने उत्तर सगळ्या गल्लीला ऐकवलं असतं.

आज सकाळी मी नेहमीसारखा गेलो. खिडकी उघडली, तिची चटई अंथरली. कोपऱ्यापाशी तिचा रंग उडालाय, तिथे बायकोची टाच यायची, माझी पुढे जाते. सगळी आसनं केली, जमली तेवढी. मग आडवा झालो, मशीन काढून खिशात ठेवलं. रस्ता बंद झाला, पंखा बंद झाला, सगळं बंद झालं. बाईचा हात खांद्याला लागून गेला.

मी माझं वाक्य तीनदा म्हटलं. जितकं हळू जमलं तितकं.

उजवा हात जमिनीवर होता. लाकूड अगदी स्थिर होतं, इतक्या माणसांतलं कोणी हललं नव्हतं. मी थोडा वेळ ते तसं हाताखाली राहू दिलं. मग हात उलटा केला, तळवा वर.

उठायची वेळ झाली की नर्सबाई अंगठा हलवतील.